मोगली ज्याने लिहिला, त्या मुलाची गोष्ट : रुडयार्ड किपलिंग



तुमच्यापैकी जे आज पस्तिशी-चाळिशीत आहेत, त्यांना वेगळं सांगायला नको. १९९३ च्या सुमारास रविवारी सकाळी दूरदर्शनवर जंगल बुक लागायचं. वाडीत टीव्ही असलेली घरं थोडी, त्यामुळे एकेका ओटीवर आठ-दहा पोरं. कोणीतरी अँटेना फिरवायला परसात उभा, आणि आतून चित्र आलं-गेलं अशी आरोळी. गुलजारांनी लिहिलेलं आणि विशाल भारद्वाजांनी चाल लावलेलं शीर्षकगीत सुरू झालं की सगळे चिडीचूप. शेरखानचा हिंदी आवाज आपल्या नाना पाटेकरांचा. त्या आवाजाला घाबरलो नाही असं छातीठोकपणे सांगणारा माणूस विरळाच!

ही मालिका मूळची जपानी. निप्पॉन अॅनिमेशन या संस्थेने १९८९ मध्ये ती काढली, भाग एकूण ५२. जपानी चित्रकारांनी काढलेलं ते जंगल मात्र आपल्या मध्य भारतातलं होतं, मध्य प्रदेशातल्या सिवनीचं. आणि ज्या पुस्तकावरून हे सगळं घेतलं, त्याचा लेखक जन्मला होता मुंबईत.

आज त्या लेखकाची गोष्ट सांगतो. मोगली आपल्या मुलांना आजही आवडतो, मोबाईलवर का होईना, ती तो बघतात. पण मोगली लिहिणाऱ्या माणसाच्या आयुष्यात आपल्यासारख्या शिक्षकांनी आणि आईबापांनी नीट बघावं असं बरंच काही आहे. काही शिकण्यासारखं आहे, आणि काही मुलांना स्पष्ट सांगावं लागेल असंही आहे.

जन्म आणि मुंबईतलं घर

रुडयार्ड किपलिंगचा जन्म ३० डिसेंबर १८६५ रोजी मुंबईत झाला. वडील जॉन लॉकवूड किपलिंग हे सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिल्पकला शिकवायचे. म्हणजे हा मुलगा मास्तरांचाच! इंग्लंडमधल्या रुडयार्ड नावाच्या तळ्याकाठी आईवडिलांची पहिली भेट झाली होती, म्हणून मुलाचं नाव रुडयार्ड. घरी त्याला लाडाने रडी म्हणायचे. आपल्याकडे खेळात रडी खाणारा वेगळा, हे फक्त नावाचं लहान रूप.

जे. जे. च्या आवारात त्यांचा बंगला होता. आज तिथे किपलिंगच्या नावाने दाखवतात तो बंगला नंतरचा आहे, जागा मात्र तीच. मुंबईची सहल काढलीत तर जवळच्या क्रॉफर्ड मार्केटकडे, म्हणजे आताच्या महात्मा जोतिबा फुले मंडईकडे, मुलांना जरूर न्या. दरवाजावरची दगडात कोरलेली शिल्पं आणि आतलं कारंजं या रडीच्या वडिलांच्या हातचं काम आहे.

त्या काळच्या साहेबी घरांत मुलं असायची ती नोकरांच्या अंगाखांद्यावर. रडीची आया रोमन कॅथलिक होती, आणि मीता नावाचा हिंदू नोकर त्याला सांभाळायचा. पहाटे आयेचं बोट धरून तो फळबाजारात जायचा. रस्त्याकडेच्या क्रूसापुढे आया हात जोडायची, तेव्हा हाही शेजारी उभा. मीता त्याला देवळात न्यायचा, तिथल्या मिणमिणत्या उजेडातल्या मूर्ती तो डोळे विस्फारून बघायचा. दुपारी झोपवताना दोघंही गोष्टी सांगायची, गाणी म्हणायची, आणि सगळं इथल्या भाषेत.

संध्याकाळी मुलाला आंघोळ घालून, कपडे चढवून आईवडिलांकडे पाठवलं जायचं. पाठवताना आया बजावायची, की आता आईबाबांशी इंग्रजीत बोलायचं हं. मग तो डोक्यात आलेलं इथल्या भाषेतलं वाक्य मनातल्या मनात इंग्रजीत करून अडखळत बोलायचा. कारण त्याचा विचार इथल्या भाषेत चालायचा, आणि स्वप्नंही त्याच भाषेत पडायची. हे त्यानेच म्हातारपणी आपल्या आठवणींत लिहून ठेवलं आहे.

आता जरा आपल्या वर्गातली मुलं डोळ्यांसमोर आणा. घरी एक भाषा, शाळेत दुसरी, आणि बाई विचारतात तेव्हा मान खाली. ते मूल मठ्ठ नसतं हो. ते आतल्या आत भाषांतर करत असतं.

न सांगता सोडून गेले

त्या काळी हिंदुस्थानातले इंग्रज आपली मुलं पाच-सहा वर्षांची झाली की इंग्लंडला पाठवायचे. इथल्या हवेचं, तापांचं भय होतंच. शिवाय मुलं इथल्या वळणाची होतील, इंग्रजी नीट बोलणार नाहीत, ही धास्तीही होती.

१८७१ मध्ये किपलिंग पती-पत्नी दोन्ही मुलांना घेऊन इंग्लंडला गेले. रडीला सहावं वर्ष चालू होतं, धाकटी बहीण ट्रिक्स तीन वर्षांची. साउथसी या गावात मुलं ठेवून घेणाऱ्या हॉलोवे नावाच्या कुटुंबाची वर्तमानपत्रातल्या जाहिरातीवरून माहिती मिळाली होती. तिथे मुलांना ठेवलं, आणि आईवडील मुंबईला परत आले. मुलांना काहीच न सांगता. का सोडलं, किती दिवसांसाठी, परत कधी येणार, एका शब्दाने नाही. मुलांना वाटलं असावं, की आपण काहीतरी वाईट केलं म्हणून टाकून दिलं.

असं कोणी मुद्दाम दुष्टपणाने केलं नव्हतं. निरोप घेताना मुलं रडतील, त्यापेक्षा न सांगता निघालेलं बरं, असाच विचार होता. आपणही करतोच की! पोराला झोपवून आई पहाटेची गाडी पकडते. बाजारात जाऊन येतो सांगून बाबा मुंबईला जातात.

त्या घरात रडी जवळजवळ सहा वर्षं राहिला. मोठेपणी त्याने त्या घराला उजाड घर असं नाव दिलं. घरातले हॉलोवे आजोबा त्यातल्या त्यात प्रेमळ होते, पण ते १८७४ मध्ये वारले. मग बाई आणि तिचा मुलगा. ट्रिक्सवर बाईंची माया होती, हा मात्र नकोसा. दिवसभरात काय काय केलं याची उलटतपासणी व्हायची, उत्तरात जरा विसंगती आली की खोटारडा ठरवून मार. वर नरकाची भीती.

पुस्तकं वाचता यायला लागली तसा तो त्यांत घुसला. मग पुस्तक काढून घेणं हीच शिक्षा झाली. लपून, मंद उजेडात वाचायचा. वर्षातून एकदा, डिसेंबरात, महिनाभर लंडनला मावशीकडे जायला मिळायचं. जॉर्जियाना मावशीच्या घरी हसणं-खेळणं, गोष्टी, चित्रं. महिना संपला की परत तेच.

मावशी प्रेमाची होती, तरी त्या मुलाने तिला कधी काही सांगितलं नाही. पुढे मावशीनेच त्याला विचारलं, की बोलला का नाहीस. त्याने जे लिहिलं त्याचा अर्थ असा, की मुलं जनावरांसारखीच असतात, जे वाट्याला येतं ते असंच असणार, असं धरून चालतात. आणि बोललो तर घरी परतल्यावर काय होईल याचीही त्यांना पक्की जाणीव असते.

डोळे अधू, आणि शिक्षा खोटेपणाची

आता हा भाग प्रत्येक शिक्षकाने लक्ष देऊन वाचावा असा आहे.

रडीची नजर अधू होत चालली होती. कोणालाच कळलं नाही. फळ्यावरचं दिसेना, पुस्तकातलं धूसर झालं, अभ्यास मागे पडला. एका महिन्याचं प्रगतीपुस्तक इतकं वाईट आलं, की घाबरून त्याने ते फेकून दिलं आणि मिळालंच नाही म्हणून सांगितलं. खोटं उघडं पडलं. मग काय, मार तर मिळालाच, पण खोटारडा असं लिहिलेली पाटी पाठीवर लावून त्याला शाळेत चालत पाठवलं.

बघा हं, दोष डोळ्यांचा, शिक्षा मात्र चारित्र्याची!

पुढे डॉक्टरांनी तपासलं तेव्हा कळलं, की मुलाला जवळजवळ दिसतच नाही. मावशीच्या कानावर गेलं, आणि १८७७ मध्ये आई हिंदुस्थानातून तडक इंग्लंडला आली. पहिल्या रात्री ती मुलाच्या खोलीत गेली, त्याची पापी घेण्यासाठी वाकली. तर त्याने पटकन हात वर करून तोंड झाकलं. कोणी जवळ येतंय म्हणजे थप्पड येणार, एवढंच त्याला माहीत होतं.

सहा वर्षांत पत्रांतून जे कळलं नव्हतं, ते आईला त्या एका हाताने सांगितलं.

आपल्या शाळेत आरोग्य तपासणीचं पथक येतं, त्यात डोळेही बघतात. तो दिवस रजिस्टर भरण्यापुरता ठेवू नका. जे मूल फळ्यावरचं उतरवताना शेजाऱ्याच्या वहीत डोकावतं, डोळे बारीक करतं, वही नाकाला लावून लिहितं, त्याचं नाव आधी पथकापुढे ठेवा. आणि ज्याच्या डोक्यावरून हात फिरवायला गेलं की ते दचकतं, त्याच्या घरी एकदा जाऊन या.

परत आला, आणि शब्दही परत आले

१८७८ मध्ये त्याला डेव्हनमधल्या एका निवासी शाळेत घातलं. चष्मा आता लागला होता. त्याच चष्म्यावरून पोरं चिडवायची, पण इथल्या मुख्याध्यापकांनी त्याचं वाचनाचं वेड ओळखलं. आपल्या ग्रंथसंग्रहाचं दार त्याला उघडून दिलं आणि शाळेच्या अंकाचं संपादन त्याच्याकडे सोपवलं. एका शिक्षकाने एवढं केलं, तेवढ्यावर लेखक उभा राहिला.

कॉलेजात घालण्याइतके पैसे नव्हते. वडील तोपर्यंत लाहोरला कलाशाळेचे प्रमुख आणि तिथल्या संग्रहालयाचे प्रमुख म्हणून गेले होते. त्यांनी मुलासाठी तिथल्या वर्तमानपत्रात नोकरी बघितली. १८ ऑक्टोबर १८८२ रोजी सतरावं वर्ष पुरं व्हायच्या आत किपलिंग मुंबई बंदरावर उतरला.

अकरा वर्षांनी तो इथे परतत होता. ते वास, ती माणसं, ते आवाज आल्याबरोबर त्याच्या तोंडून इथल्या भाषेतली वाक्यं आपोआप बाहेर पडायला लागली. गंमत म्हणजे त्यांचा अर्थ काय, हे त्याला स्वतःलाच आठवत नव्हतं! आया आणि मीताचे शब्द कुठेतरी तळाशी तसेच राहिले होते.

लहानपणी कानावर पडलेली भाषा अशी राहते. म्हणून म्हणतो, आजीच्या तोंडची बोली, तिच्या ओव्या, तिच्या गोष्टी मुलांच्या कानावर पडू द्या. शुद्ध-अशुद्धाचा हिशेब नंतर करता येतो.

पुढे सात वर्षं किपलिंग इथे वार्ताहर होते, आधी लाहोरला, मग अलाहाबादला. रात्री-अपरात्री शहरात हिंडायचं, शिपाई, साधू, घोड्यांचे व्यापारी, सगळ्यांशी बोलायचं आणि लिहायचं. १८८९ मध्ये त्यांनी हिंदुस्थान सोडला. १८९१ मध्ये एकदा लाहोरला आईवडिलांना भेटून गेले, ते शेवटचं.

मोगली कुठे लिहिला?

जंगल बुक वाचताना वाटतं, की हा माणूस सिवनीच्या जंगलात राहून आला असणार. तर तसं अजिबात नाही! किपलिंग सिवनीला कधीच गेले नव्हते. अलाहाबादच्या मित्रांनी दाखवलेले फोटो, स्टर्नडेल नावाच्या साहेबाचं सिवनीवरचं पुस्तक, आणि वडिलांनी हिंदुस्थानातल्या प्राण्यांवर लिहिलेला ग्रंथ, एवढी शिदोरी. त्यावर कल्पनेचं रान उभं केलं.

आणि लिहिलं कुठे? अमेरिकेत, व्हरमाँट राज्यात, दारात बर्फ साचलेलं असताना. १८९२ मध्ये कॅरोलाईन बॅलेस्टियरशी लग्न करून ते तिच्या माहेरच्या भागात राहायला गेले होते. त्याच वर्षी २९ डिसेंबरला मुलगी झाली, जोसेफीन. बाहेर बर्फ, पाळण्यात लेक, आणि टेबलावर उन्हाने तापलेलं हिंदुस्थानातलं जंगल! पहिलं जंगल बुक १८९४ मध्ये आलं, दुसरं १८९५ मध्ये. पहिल्या पुस्तकात वडिलांनी काढलेली चित्रंही होती. जोसेफीनसाठी स्वहस्ते लिहून दिलेली त्याची एक प्रत २०१० मध्ये इंग्लंडमधल्या एका जुन्या वाड्याच्या ग्रंथालयात सापडली.

आता मोगलीची गोष्ट परत आठवून बघा. आईबापांपासून तुटलेलं पोर, त्याला परक्या घराने वाढवलेलं. जंगलातले म्हणतात तू माणूस, चालता हो. गावातले म्हणतात तू जंगलातला चेटक्या, आणि दगड मारून हाकलतात. दोन्ही घरं आपली, आणि दोन्हीकडून बाहेर. पहिल्याच गोष्टीत, कळपातून जावं लागतं तेव्हा मोगलीच्या डोळ्यांतून पाणी येतं. आयुष्यात कधी रडलेलाच नसतो, त्यामुळे हे काय होतंय, आपण मरतोय की काय, असं तो बगीराला विचारतो. बगीरा त्याला समजावतो, की ही फक्त आसवं आहेत, वाहू देत.

साउथसीच्या घरातल्या मुलाला हे सांगणारं कोणी नव्हतं. किपलिंगनी ते मोगलीला मिळवून दिलं. दोन बाप, दोन आया, एक गुरुजी बल्लू, एक पाठीराखा बगीरा. सोडून दिलेल्या मुलाला जे जे हवं असतं, ते सगळं.

कार्टूनमध्ये फारसं लक्षात येत नाही, पण पुस्तकातला बल्लू हा खरोखर मास्तर आहे. तो मोगलीला जंगलातल्या प्रत्येक जमातीची ओळखीची बोली पाठ करून घेतो. पक्ष्यांची वेगळी, सापांची वेगळी. मोगलीला माकडं पळवून नेतात तेव्हा हीच पाठ केलेली बोली कामी येते आणि चील त्याचा निरोप पोचवते. दुसऱ्याची भाषा येणं म्हणजे जीव वाचणं, हे यापेक्षा सोप्या गोष्टीत कसं सांगणार?

अर्थात हाच बल्लू मोगलीला मारतोही. प्रेमापोटी मारतो असं तो म्हणतो, बगीराला ते पटत नाही. ज्याने स्वतः एवढा मार खाल्ला, त्याच्या हातूनही हे लिहिलं गेलं. आज २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेत मारायला बंदी आहे. वर्गात हा भाग वाचून मुलांनाच विचारा, बल्लूचं बरोबर की बगीराचं. मुलं फार छान बोलतात.

कीर्ती, आणि दोन मुलांचं जाणं

जंगल बुकनंतर नाव जगभर झालं. पण १८९९ च्या सुरुवातीला अमेरिकेला जाताना मुलं आजारी पडली, न्यूयॉर्कला पोचल्यावर किपलिंगही न्युमोनियाने अंथरुणाला खिळले. ते वाचले. सहा वर्षांची जोसेफीन ६ मार्चला गेली. त्यांना सोसवणार नाही म्हणून ही बातमी काही दिवस लपवून ठेवावी लागली.

१९०१ मध्ये किम ही कादंबरी आली. लाहोरच्या रस्त्यांवर वाढलेला, इथल्या बोलीत बोलणारा गोरा पोरगा आणि एक तिबेटी लामा, यांची ती गोष्ट. १९०७ मध्ये साहित्याचं नोबेल मिळालं. इंग्रजीत लिहिणाऱ्या लेखकाला मिळालेलं ते पहिलं नोबेल, आणि वय अवघं ४१. साहित्याच्या नोबेलमध्ये इतका तरुण मानकरी आजवर दुसरा झालेला नाही.

मग पहिलं महायुद्ध. एकुलता एक मुलगा जॉन सैन्यात जायला निघाला. बापासारखीच त्याचीही नजर अधू, त्यामुळे नापास झाला. किपलिंगनी आपल्या ओळखीच्या सेनापतीकडे शब्द टाकला आणि त्याला आयरिश गार्ड्समध्ये जागा मिळवून दिली. सप्टेंबर १९१५ मध्ये फ्रान्समधल्या लूसच्या लढाईत जॉन बेपत्ता झाला. अठरा वर्षं नुकतीच पुरी झाली होती. आईवडिलांनी वर्षानुवर्षं चौकशा केल्या, पण किपलिंगच्या हयातीत त्याच्या देहाचा पत्ता लागला नाही. पुढे युद्धात मेलेल्या सैनिकांच्या दफनभूमींची व्यवस्था बघणाऱ्या आयोगावर त्यांनी मरेपर्यंत काम केलं. १८ जानेवारी १९३६ रोजी ते लंडनमध्ये वारले.

रत्नागिरीतून बघताना

इथपर्यंतची गोष्ट ऐकून किपलिंगबद्दल माया वाटते. पण आपण रत्नागिरीचे. आपल्याला या गोष्टीचा दुसरा भागही बघावाच लागतो.

किपलिंग हे साम्राज्याचे कट्टर पुरस्कर्ते होते. या देशातल्या लोकांना स्वतःचं राज्य चालवता येईल, हे त्यांना कधीच मान्य झालं नाही. गोऱ्यांनी इतरांवर राज्य करणं हे जणू ओझं वाहण्याचं पुण्यकर्म आहे, अशा अर्थाची कविता त्यांनी १८९९ मध्ये लिहिली. जालियनवाला बागेत गोळ्या घालणाऱ्या डायरसाठी इंग्लंडमध्ये निधी जमवला गेला, त्यात त्यांनीही वर्गणी दिली. जंगल बुकातसुद्धा लष्करी जनावरांची एक गोष्ट आहे. तिच्या शेवटी जनावराने माणसाचं ऐकायचं, शिपायाने वरच्याचं, आणि वर थेट महाराणीपर्यंत, असा धडा दिलेला आहे.

आणि त्यांची १८९० सालची एक कविता तर थेट आपल्या गावाशी जुळते. तिचं नाव मंडाले. एका इंग्रज शिपायाला ब्रह्मदेशातली मुलगी आठवते, असा विषय. त्या मुलीचं नाव थिबा राजाच्या राणीचं आहे, असं कवी सांगतो. कविता इंग्लंडभर गाजली. किपलिंग ब्रह्मदेशात गेले होते ते १८८९ मध्ये थोड्या दिवसांसाठी, रंगून आणि मोलमीनला. मंडालेला ते गेलेच नाहीत.

कविता लिहिली गेली तेव्हा तो थिबा राजा कुठे होता? इथे, आपल्या रत्नागिरीत! १८८५ च्या नोव्हेंबरात इंग्रजांनी त्याचं राज्य घेतलं आणि एप्रिल १८८६ मध्ये त्याला, राणीला आणि लहान लहान मुलींना इथे आणून ठेवलं. १९१० मध्ये टेकडीवरचा थिबा पॅलेस तयार झाला, जो आपण सहलीला दाखवतो. डिसेंबर १९१६ मध्ये राजा इथेच वारला, समाधीही इथेच आहे. थोरली राजकन्या शेवटी रत्नागिरीचीच झाली, आणि तिची मुलगी टूटू तर मराठी बोलतच इथे वाढली, म्हातारी झाली.

रत्नागिरीत जन्मलेल्या लोकमान्य टिळकांना इंग्रजांनी १९०८ ते १९१४ अशी सहा वर्षं त्याच मंडालेच्या तुरुंगात ठेवलं. गीतारहस्य तिथे लिहिलं गेलं. मंडालेचा राजा रत्नागिरीत, रत्नागिरीचे टिळक मंडालेत.

आपलं घर, आपली भाषा सुटल्याचं दुःख किपलिंगएवढं कोणाला ठाऊक असणार? पण ज्यांना त्यांच्याच साम्राज्याने घराबाहेर काढलं, त्या राजकन्यांच्या मनात काय असेल, हे त्यांना दिसलं नाही. राणीचं नाव तेवढं कवितेत गोड वाटलं म्हणून आलं. एका मुलाचं दुःख ज्याला कळतं, त्याला दुसऱ्याचं कळेलच असं नाही. ते शिकावं लागतं, आणि मला वाटतं, शिकवावंही लागतं.

मग मुलांना मोगली दाखवायचा की नाही? अवश्य दाखवा. गोष्ट चांगली आहे, ती मुलांची आहे. सातवी-आठवीच्या मुलांना मात्र लेखकाची दोन्ही अंगं सांगा. मोठ्या माणसाचे दोष ऐकून मुलं बिघडत नाहीत, उलट नीट विचार करायला शिकतात.

वर्गात काय करून घ्याल?

नावांचा शोध : बल्लू म्हणजे भालू, आपलं अस्वल. बगीरा हा हिंदीतल्या बघेरावरून, म्हणजे आपला बिबट्या. बंदरलोग, हाथी, चील, मोर ही नावं तर उघडच आहेत. मोगली म्हणजे बेडूक असं पुस्तकात म्हटलं आहे, पण हा शब्द कुठल्याच भाषेतला नाही, किपलिंगनी तो मनाने बनवला. मुलांना कोकणातल्या प्राण्यांची बोलीतली नावं घरून विचारून आणायला सांगा. आपल्याकडे बिबट्या वाडीत येतो, विहिरीत पडतो. शेरखान वाईट, बगीरा चांगला, एवढ्यावर न थांबता खऱ्या बिबट्याबद्दलही बोला.

किमचा खेळ : किम कादंबरीत निरीक्षणाचा एक खेळ आहे. स्काउटवाल्यांनी तो जगभर नेला. ताटात पंधरा-वीस वस्तू मांडा. काजूबी, सुपारी, शिंपला, आमसूल, खडू, किल्ली, काहीही. एक मिनिट बघू द्या, वर फडकं टाका, आणि आठवेल ते लिहायला लावा. पैसा लागत नाही, आणि पहिलीपासून दहावीपर्यंत चालतो.

कब-बुलबुल : तुमच्या शाळेत कब पथक असेल तर मुलांना सांगा, की लहान मुलांच्या स्काउट चळवळीला १९१६ मध्ये बेडन-पॉवेल यांनी किपलिंगच्या संमतीने जंगल बुकाचाच साज चढवला. पथकाच्या प्रमुखाला अकेला म्हणतात, तो याच लांडग्यांच्या कळपाचा म्होरक्या.

दोन भाषांची वही : ज्या मुलांच्या घरी वेगळी बोली किंवा भाषा आहे, त्यांना रोज एक शब्द फळ्यावर लिहू द्या. त्या दिवसापुरता तोच मूल सगळ्यांचा गुरुजी.

पालकांना शेवटचं एक सांगणं. आपल्या कोकणात कित्येक मुलं गावी आजीआजोबांकडे किंवा नातेवाइकांकडे राहतात, आईबाबा मुंबईत. काही वसतिगृहात असतात. परिस्थितीच तशी असते, त्यात कोणाचा दोष नाही. पण जाताना मुलाला जागं करून, जवळ बसवून सांगून जा. कुठे जातोय, का जातोय, गणपतीत येणार की शिमग्याला, हे सांगा. मूल रडेल, रडू द्या. आणि फोनवर अभ्यास झाला का एवढंच न विचारता, इथे तुला कोणाची भीती तर वाटत नाही ना, हेही विचारा. पहिल्यांदा ते काही सांगणार नाही. विचारत राहा.

लेख आवडला तर आपल्या शाळेतल्या सहकाऱ्यांना आणि पालकांना जरूर पाठवा.